शहाळं कोणी द्यायचं? मालदीव, पाहुणचार आणि परवडणारी सुट्टी



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बेटावरच्या स्वस्त सुट्टीशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की सुट्टी, पैसा आणि पाहुणचार हे तिन्ही विषय तत्त्वज्ञानात फार जुने आहेत. ते एकाच ठिकाणी, एकाच इतिहासात पाहायला मिळावेत अशी जागा क्वचित सापडते. मालदीव ही तशी जागा आहे.

मालदीव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? निळ्या पाण्यावर लाकडी खांबांवर उभ्या झोपड्या, नट-नट्यांचे फोटो, आणि एका रात्रीचं भाडं ऐकून आपण गप्प बसतो. मध्यमवर्गीय माणूस म्हणतो, "हे आपलं काम नव्हे." पण आज त्याच देशात, त्याच समुद्राच्या काठी, गावातल्या एखाद्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये, कोकणात आपण ज्या हिशेबानं राहतो त्याच्या थोड्या वरच्या हिशेबानं राहता येतं. ही सोय २००९ सालाच्या आधी जवळजवळ नव्हती. त्या वर्षी समुद्र बदलला नाही, वाळू बदलली नाही, विमानाचं तिकीटही एकदम उतरलं नाही. बदलला तो नियम.

म्हणून आज मला एवढंच मांडायचंय: एखादं बेट स्वस्त असणार की महाग, हे बऱ्याच अंशी एका प्रश्नावर ठरतं. तिथं यजमान होण्याचा हक्क कोणाला आहे? प्रवाशाच्या खिशाकडे आपण नंतर बघू. आधी यजमानाकडे बघू.

कवडीची बेटं

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. आपण म्हणतो कवडीमोल, कवडीचुंबक, "माझ्याकडे फुटकी कवडी नाही". तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ तुम्ही पाहिलेली असेल. स्वस्ताईचं आणि कंगालपणाचं माप म्हणून आपण जी वस्तू वापरतो, ती पूर्वी खरंच चलन होती. आणि या चलनाची एक मोठी टांकसाळ म्हणजे मालदीवचा समुद्र.

कवड्या गोळा करायची रीत मोठी साधी. नारळाच्या झावळ्यांच्या जुड्या बांधून उथळ पाण्यात सोडायच्या. त्यांना कवडीचे जीव येऊन चिकटतात. मग जुड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि कवड्या वाळूत पुरून ठेवायच्या. आतला जीव कुजून गेला की स्वच्छ, चकचकीत नाणं हातात! या कवड्या जहाजं भरभरून बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई, कारण त्या वाळूत भात पिकत नाही. पुढे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या देऊन माणसं विकत घेतली. कवडीमोल या शब्दाला ही काळी बाजूही आहे.

देश कसा आहे, तेही थोडक्यात सांगतो. सुमारे १२०० बेटं, त्यातली वस्तीची २०० च्या आसपास. सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३०० चौरस किलोमीटर भरते. बेटं कंकणाच्या आकारात मांडलेली. बाहेर प्रवाळाची भिंत, ती लाटा अडवते. आत शांत, उथळ पाणी. अशा कंकणद्वीपाला इंग्रजीत 'अॅटॉल' म्हणतात, तो शब्दच मुळी तिथल्या दिवेही भाषेतून उचललेला आहे. आणि ही दिवेही भाषा आपल्या लांबच्या नात्यातली, सिंहलीची बहीण. त्यांचे आकडे ऐका: एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवये, दिहये. देशाचं नाव 'दिवेही राज्जे', म्हणजे द्वीपवासीयांचं राज्य. माशाला 'मस' म्हणतात. आपल्याला दुभाष्याची गरज निम्मीच लागेल!

दिवाळखोर प्रवासी आणि हिरवं शहाळं

आता आपण १३४३ सालात जाऊ. इब्न बतूता हे नाव तुम्हाला माहीत आहे. मोरोक्कोचा हा प्रवासी मोहम्मद तुघलकाच्या पदरी काझी होता. तुघलकानं त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. वाटेत त्यानं आपलं दौलताबाद पाहिलं, नंदुरबार पाहिलं. पण कालिकतला वादळात जहाजं गेली, बादशहाच्या भेटवस्तू बुडाल्या. दिल्लीला परत जायचं तर मान जाण्याची भीती. मध्येच गोव्याच्या लढाईत उतरून पाहिलं, तेही निभावलं नाही. अशा अवस्थेत हा माणूस मालदीवला पोचला. तंग खिशानं उष्ण कटिबंधातल्या बेटावर आलेला प्रवासी हवा असेल, तर हा घ्या. सहाशे ऐंशी वर्षांपूर्वीचा.

त्यानं काय लिहून ठेवलंय? तो सांगतो की जहाज बेटाजवळ आलं की छोट्या होड्या त्याला सामोऱ्या जातात. होडीतल्या माणसांच्या हातात विड्याची पानं असतात आणि हिरवे नारळ. प्रत्येक जण जहाजावरच्या आपल्या पसंतीच्या माणसाला ते देतो. ज्यानं ते घेतलं तो त्याचा पाहुणा झाला. मग त्याचं सामान यजमानाच्या घरी जातं, जणू नात्यातलाच कोणी आलाय.

या हिरव्या नारळाचं नाव त्यानं 'करंबा' असं नोंदवलंय. आजच्या दिवेहीत 'कुरुंबा'. आपलं शहाळं. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

या रिवाजाला भोळा चांगुलपणा समजू नका. त्यात व्यवहार होताच. परका व्यापारी घरात राहिला की व्यापार त्या घराशी जोडला जातो. बेटावर धर्मशाळा नाही, बाजारपेठ छोटी. तेव्हा घर हीच वखार आणि घर हीच खानावळ. पण व्यवहार असला तरी त्याची रचना पाहा. पाहुणा थेट घरात येतो. यजमान कोणीही असू शकतो. मध्ये कोणी ठेकेदार नाही.

इब्न बतूताला तिथं काझी केलं. राज्यावर तेव्हा एक राणी होती, खदीजा. त्यानं तिथं लग्नं केली, दरबारी राजकारणात पडला आणि कडक नियम लावायला निघाला. बायकांनी कमरेच्या वरही अंग झाकावं म्हणून त्यानं खटपट केली, आणि ती जमली नाही अशी कबुलीही दिली. शेवटी बिनसलं आणि तो निघून गेला. पाहुण्यानं यजमानाला सभ्यता शिकवायला जावं आणि यजमानानं ऐकू नये, हा प्रसंग तेव्हाचा. पोशाखाचा हा वाद आज उलट्या दिशेनं चालू आहे, त्याकडे मी येतोच.

सुट्टी ही हक्काची कधी झाली?

इथं थोडं थांबून युरोपात जायला हवं. कारण बेटावर जायचं तर आधी सुट्टी हवी, आणि पगारी सुट्टी ही गोष्ट फार अलीकडची आहे.

अॅरिस्टॉटल म्हणतो की आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. पण त्याच्या नगरात ती फुरसत गुलामांच्या कष्टावर उभी होती, हे तो सहज मान्य करतो. एपिक्युरसला आपण उगाच चैनीचा तत्त्वज्ञ समजतो. तो पाव-पाण्यावर समाधानी असे, आणि मेजवानी करायची झाली तर मित्राकडे चीजचा एक लहानसा सट मागे. सुख स्वस्त असतं, हे त्यानं जगून दाखवलं. पण सुखाला वेळ लागतो, आणि वेळ ही गरिबाकडची सर्वांत महाग वस्तू. कारखान्यातल्या मजुराला रविवारपलीकडे फारसं काही नव्हतं. रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे उपास.

१९३६ साली फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळाली. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्यानं रेल्वेकडून वार्षिक रजेसाठी ४० टक्के सवलतीचं तिकीट काढून घेतलं. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. १९३८ मध्ये ब्रिटननं पगारी रजेचा कायदा केला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि ठरावीक पगारी रजा हा माणसाचा हक्क म्हणून लिहिला गेला. तुमच्याआमच्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईंना हे कलम लागू होतं का, याचा विचार घरी जाऊन करा.

रजा मिळाली, आता जायचं कुठं? १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ या लंडनमधल्या गृहस्थानं एक विमान भाड्यानं घेतलं आणि लोकांना कोर्सिका बेटावर नेलं. दोन आठवडे, विमान, जेवणखाण, सगळं मिळून ३२ पौंड १० शिलिंग. राहायचं कुठं? तंबूत. त्याच वर्षी जेरार ब्लिट्झनं मायोर्का बेटावर 'क्लब मेड' सुरू केला, तोही तंबूंमध्येच. आजच्या पॅकेज टूरचा जन्म असा बेटावरच्या तंबूत झाला. चैनीचा समुद्रकिनारा हा नंतरचा शोध आहे. आधी आला तो काटकसरीचा.

१९७२: तीस खोल्या

आता परत मालदीवला. हा देश १८८७ पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता, २६ जुलै १९६५ ला स्वतंत्र झाला. उत्पन्न म्हणजे मासे, त्यातही सुकवलेला टूना, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक श्रीलंका. साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि पर्यटन इथं चालण्यासारखं नाही असा शेरा दिला. वीज नाही, बँक नाही, धड विमानतळ नाही. त्यांचं तसं चुकलं नव्हतं. फक्त लोक काय शोधायला येतील याचा त्यांना अंदाज नव्हता.

इटलीचा जॉर्ज कॉर्बिन हा पर्यटन व्यावसायिक कोलंबोत अशाच अस्पर्शित बेटांच्या शोधात होता. तिथल्या मालदीवच्या दूतावासात काम करणाऱ्या अहमद नसीम यांनी त्याला आपली बेटं दाखवली. फेब्रुवारी १९७२ मध्ये कॉर्बिन इटालियनांचा एक छोटा गट घेऊन आला. हॉटेल नव्हतंच, तेव्हा ही मंडळी राजधानी मालेतल्या घरांमध्ये राहिली. इब्न बतूताची रीत अजून जिवंत होती म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माले शेजारच्या एका निर्मनुष्य बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं. तीस खोल्या, प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, आंघोळीला मचूळ पाणी. रिसॉर्टचं नाव 'कुरुंबा'. शहाळं! पहिल्या वर्षी देशात पर्यटक आले सुमारे एक हजार. चैन म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं.

सत्तरच्या दशकात पाठीवर पिशवी घेतलेले काही तरुण पाश्चात्त्य प्रवासीही येऊ लागले. ते होडीवाल्याला विचारून एखाद्या गावच्या बेटावर जात, कोणाच्या तरी घरी राहत, घरातलं मासळीचं जेवण जेवत. दर नगण्य. म्हणजे तेव्हा दोन वाटा उघड्या होत्या. एक कुरुंबाची आणि एक गावाची.

भिंत नसलेली भिंत

१९७८ मध्ये मौमून अब्दुल गयूम राष्ट्राध्यक्ष झाले आणि तीस वर्षं राहिले. त्यांच्या काळात पर्यटनाचं सूत्र पक्कं झालं: एक बेट, एक रिसॉर्ट. निर्मनुष्य बेट सरकारनं भाडेपट्ट्यानं द्यायचं, त्यावर एकच कंपनी रिसॉर्ट बांधणार. आणि पर्यटकानं वस्तीच्या बेटावर मुक्काम करायचा नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गावांतली घरगुती गेस्टहाऊस बंद झाली. गावात जायचं तर रिसॉर्टच्या सहलीतून, दोन तास, चार दुकानं, आणि परत.

हे का केलं, त्याची कारणं न्यायानं ऐकली पाहिजेत. देश मुस्लिम आहे, ११५३ पासून. दारू निषिद्ध, पोशाखाचे संकेत आहेत. तीन-चारशे माणसांच्या गावात रोज पन्नास अर्धे उघडे पाहुणे आले तर गावाचं काय होईल, ही भीती खोटी नव्हती. शेजारच्या देशांतल्या किनाऱ्यांवर अमली पदार्थ, भीक, मुलांचं शोषण हे सगळं दिसत होतंच. आणि पैसा येत होता. रिसॉर्टच्या पैशातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, दरडोई उत्पन्नात मालदीव दक्षिण आशियात पुढे गेला. तेव्हा हे धोरण मूर्खपणाचं होतं, असं मी म्हणणार नाही.

पण त्याची किंमत कोणी मोजली? बेट भाड्यानं घ्यायला भांडवल लागतं, ते मूठभर घराण्यांकडे आणि परदेशी कंपन्यांकडे होतं. गावातल्या तरुणानं नोकरीसाठी रिसॉर्टवर जायचं, महिनोन्‌महिने घरापासून लांब राहायचं. बायका तर जवळजवळ गेल्याच नाहीत. घर सोडून परक्या बेटावर राहणं त्यांच्या समाजात मान्य नव्हतं. तेव्हा स्वयंपाकघरापासून बागेपर्यंत बांगलादेश, श्रीलंका, भारत इथून माणसं आली. गावकऱ्याला समोरच्या बेटावरचे दिवे रात्री दिसत. पण तो तिथं नोकर म्हणून जाऊ शकत होता, मालक म्हणून नाही, आणि यजमान म्हणून तर मुळीच नाही.

प्रवाशाच्या बाजूनं पाहा. एका बेटावर एकच हॉटेल असेल तर जेवणाचा, पाण्याचा, होडीचा भाव कोण ठरवणार? तेच हॉटेल. बाहेर चहाची टपरी नाही. ते म्हणतील ती किंमत. महागाई सौंदर्यातून आली असं आपल्याला वाटतं. ती आली मक्तेदारीतून. भिंत कुठंच नव्हती, पण समुद्र नावाचा खंदक होता, आणि कायदा नावाचा पहारेकरी.

२००९: दार उघडलं

२००८ मध्ये नवी राज्यघटना आली, बहुपक्षीय निवडणूक झाली आणि मोहम्मद नशीद निवडून आले. त्यांच्या सरकारनं २००९-१० मध्ये वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायला परवानगी दिली. शिवाय बेटाबेटांना जोडणारी सार्वजनिक फेरीसेवा वाढवली. आता ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे, हे विसरू नका. गावात खोली स्वस्त मिळाली, पण तिथं पोचायला खासगी बोटीचे शंभर-दोनशे डॉलर लागले, तर खोलीच्या स्वस्ताईला अर्थ काय? एसटी पोचली म्हणून कोकण पोचलं. मालदीवची एसटी म्हणजे फेरी.

माफुशी नावाचं बेट घ्या. मालेपासून दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटर. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, रुंदी अडीचशे मीटरच्या थोडी वर. इथं देशाचा तुरुंग आहे, आणि बेटाची एवढीच ओळख होती. २००४ च्या त्सुनामीत बेटाला मोठा फटका बसला. परवानगी मिळाल्यावर काही वर्षांतच इथं डझनावारी गेस्टहाऊस उभी राहिली. मग इतर बेटांनी गिरवलं. आज देशभरात अशी शेकडो गेस्टहाऊस आहेत. घरावर एक मजला चढवायचा, चार-सहा खोल्या, खाली जेवणाची सोय. आपल्याकडे एमटीडीसीची निवास-न्याहारी योजना आहे, तिचाच हा भाऊबंद.

विरोध झाला. गाव बिघडेल, धर्म बुडेल, असं लोक बोलले. मग गावांनी आपापली तडजोड काढली. किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून पर्यटकांना दिला. त्याला सरळ 'बिकिनी बीच' म्हणतात. तिथं हवं ते घाला, गावात मात्र अंग झाकून फिरा. दारू गावात मिळत नाही; ज्याला हवी तो दूर पाण्यात नांगरलेल्या बोटीवर जातो. ही तडजोड काहींना ढोंगी वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. इब्न बतूतानं जे हुकमानं करायचा प्रयत्न केला, ते इथं दोन्ही बाजूंनी बोलून ठरवलं.

कान्ट काय म्हणाला असता?

१७९५ मध्ये इमॅन्युएल कान्टनं शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो पाहुणचाराला दयेच्या खात्यात टाकत नाही, हक्काच्या खात्यात टाकतो. त्याचा युक्तिवाद असा: पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत पसरू शकत नाहीत, शेवटी एकमेकांच्या शेजारीच येतात. म्हणून परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला शत्रू म्हणून वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. पण कान्ट लगेच मर्यादा घालतो. हा हक्क भेट देण्याचा आहे. राहून ठाण मांडण्याचा नाही. व्यापाराच्या नावाखाली येऊन देश गिळणाऱ्या युरोपीय सत्तांना त्यानं तिथंच फटकारलंय.

या कसोटीवर रिसॉर्टचा पाहुणा तपासा. त्यानं मालदीवला भेट दिली का? तो विमानतळावरून थेट बोटीत बसला, एका बेटावर आठवडा राहिला, त्याच्या हातात शहाळं देणारा माणूस बहुधा दुसऱ्याच देशातून आलेला होता. त्यानं समुद्र पाहिला. देशाला तो भेटलाच नाही. आणि फेरीनं माफुशीला आलेला माणूस? त्याच्या शेजारी फेरीत शाळेची पोरं होती, भाजीची पोती होती. सकाळी त्याला बांगेनं जाग आली. त्याला गावात शर्ट घालावा लागला. कमी पैसे देणाऱ्याला जास्त देश मिळाला, आणि जास्त देश मिळाला म्हणून जबाबदारीही जास्त आली.

ती जबाबदारी काटेकोर सांगितली पाहिजे, कारण स्वस्ताईचं बिल कोणाच्या तरी नावानं फाटतंच. एवढ्याशा बेटावर गोड्या पाण्याचा जमिनीखालचा थर पातळ असतो. तो उपसला की खारं पाणी आत येतं. मग समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करायचं, त्याला डिझेल जाळायचं. कचरा टाकायला जागा नाही; राजधानीच्या आसपासचा कचरा नव्वदच्या दशकापासून थिलाफुशी या भराव घालून केलेल्या बेटावर जातो. प्रवाळ १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तापलेल्या पाण्यानं पांढरा पडला. आणि गेस्टहाऊस चालतंय म्हटल्यावर बाहेरचं भांडवल गावातही शिरतं. घरगुती म्हणून सुरू झालेली वाट उद्या पाच मजली हॉटेलची होऊ शकते. तसं झालं तर यजमान होण्याचा हक्क गावकऱ्याच्या हातातून दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी कायदा न बदलता जाईल. मला काळजी याची वाटते.

माझं म्हणणं इथं संपतं. आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, प्रत्यक्ष जायचं तर खर्च कसा आवरायचा?*

चांगला प्रश्न, आणि त्यात कमीपणा काही नाही. पहिली गोष्ट, वस्तीचं बेट निवडा आणि सार्वजनिक फेरीचं वेळापत्रक बघूनच विमानाचं तिकीट काढा. शुक्रवारी तिथं सुट्टी, बहुतेक फेऱ्या बंद असतात. शुक्रवारी उतरलात की स्पीडबोटीचे पैसे गेले. दुसरं, ऋतू. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, तिकडे त्याला 'इरुवाई' म्हणतात, तो महाग. मे ते ऑक्टोबर 'हुळंगु', आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा; पाऊस येतो-जातो, दर उतरतात. तिसरं, खोलीच्या दरात कर धरलाय का ते आधी विचारा. माणशी, रात्रीमागे हरित कर असतो; २०२५ पासून गावातल्या लहान गेस्टहाऊसमध्ये तो ६ डॉलर आहे. चौघांचं कुटुंब पाच रात्री राहिलं तर १२० डॉलर झाले, हा आकडा आयत्या वेळी दिसला की माणूस दचकतो. चौथं, गावातल्या चहाच्या हॉटेलात खा. सकाळी 'मस हुनी', म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू, बरोबर 'रोशी' नावाची चपाती. कोकणी माणसाला परकं वाटणार नाही. आणि पोहायला तिकीट नाही. पाण्याखाली बघायचा चष्मा घरूनच न्या.

*थोडे श्रीमंत पर्यटक येणं पर्यावरणाला जास्त बरं नाही का?*

हा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण डोकी मोजून भागत नाही, प्रत्येक डोकं किती पाणी, किती वीज, किती इंधन वापरतं ते मोजा. स्वतःचा पोहण्याचा तलाव असलेली झोपडी आणि समुद्री विमानाची फेरी हे हलकं ओझं नव्हे. गर्दीला मर्यादा हवी, ती बेटाच्या पाण्यावर आणि कचऱ्यावर ठरवा. पाकिटाच्या जाडीवर ठरवायला माझा विरोध आहे. पाकीट जाड असणं हा निसर्गप्रेमाचा दाखला नाही.

*मग लक्षद्वीप का नको? ते तर आपलंच आहे.*

जरूर जा. तिथल्या मिनिकॉय बेटावर तर दिवेहीचंच एक रूप बोलतात, त्याला महल म्हणतात. पण तिथं जायला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, आणि मुक्कामाच्या सोयी मोजक्या आहेत. त्या बंधनामागेही स्थानिक समाजाच्या रक्षणाचा विचार आहे, तोही योग्यच. उद्या तिथं मोठं पर्यटन आणायचं ठरलं, तर मालदीवचा हा पन्नास वर्षांचा इतिहास समोर ठेवून आधी एक गोष्ट विचारा. खोल्या किती बांधणार, हे नंतर. आलेल्या माणसाच्या हातात शहाळं कोण देणार आहे, गावातला माणूस की ठेकेदार? खोलीचा भाव त्या उत्तरातूनच ठरेल.